रंग मुळाचा, पकड तुरटीची

वनस्पतिरंगांनी रंगवलेल्या रेशमाबद्दल सध्या एक मत इतके रूढ झाले आहे की ते मांडणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. ते मत असे: पाने, फुले, मुळे आणि साली यांपासून काढलेला रंग रसायनमुक्त असतो. आपल्या पूर्वजांचे रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकत. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याने दगडी कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला, आणि तेव्हापासून कापड बिघडले, नदी बिघडली, माणसाची त्वचाही बिघडली. तेव्हा शहाण्याने पुन्हा मंजिष्ठा, हळद, पळस आणि नीळ यांच्याकडे वळावे. हातमागाच्या प्रदर्शनात साडीला टाचलेल्या चिठ्ठीपासून फॅशनच्या पुरवण्यांपर्यंत हाच पाठ ऐकू येतो.

या मताच्या मुळाशी असलेली आस्था मला मान्य आहे. मंजिष्ठेने रंगवलेल्या रेशमाला जी खोली असते ती क्वचितच दुसऱ्या कशाला असते, आणि ही विद्या जगली पाहिजे याबद्दल माझा वाद नाही. वाद कारणांबद्दल आहे. एखाद्या विद्येची बाजू फोल कारणांवर उभी केली, की ती कारणे ढासळतील त्या दिवशी विद्याही त्यांच्याबरोबर बदनाम होते. म्हणून या पूर्वपक्षाचे चार अवयव सुटे करून तपासले पाहिजेत: वनस्पतिरंग रसायनमुक्त असतो, तो टिकाऊ असतो, तो निरुपद्रवी असतो आणि तो औषधी असतो.

रसायनमुक्तीपासून सुरुवात करू. कोशातून काढलेल्या रेशमाच्या तंतूत आत फायब्रॉइन हे प्रथिन असते आणि त्यावर सेरिसिन नावाचा डिंकासारखा थर असतो. हा थर उतरल्याशिवाय रेशमाला चकाकी येत नाही आणि रंगही सारखा बसत नाही. तो काढण्यासाठी साबण आणि सोडा घातलेल्या कढत पाण्यात लडी शिजवाव्या लागतात. पूर्वी हेच काम राखेच्या किंवा सज्जीखाराच्या पाण्याने होई. या एका पायरीत रेशमाचे वजन पाचव्या ते चौथ्या हिश्शाने घटते. रंगाचे भांडे अजून चुलीवर चढलेलेही नाही, आणि रसायनक्रिया होऊन गेली आहे.

आता मंजिष्ठा घ्या. आपल्याकडच्या मंजिष्ठेच्या मुळात परप्युरिन आणि मंजिस्टिन ही रंगद्रव्ये असतात. मुळाच्या नुसत्या काढ्यात रेशीम बुडवले तर नारिंगीकडे झुकणारी फिकट छटा येते आणि ती धुण्यागणिक उतरते. तेच रेशीम आधी तुरटीच्या पाण्यात मुरवले, तर भरघोस लाल येतो. तुरटीऐवजी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, वापरली, तर जांभळट तपकिरी. मूळ तेच, काढा तोच. बदलला तो धातू. तुरटीतले अ‍ॅल्युमिनियम एका बाजूने रेशमाच्या प्रथिनाला धरते आणि दुसऱ्या बाजूने रंगद्रव्याच्या रेणूला. या तिघांच्या बंधातून जे अविद्राव्य संयुग बनते, त्याचा रंग आपण पाहतो. म्हणून तुरटी किंवा हिराकस यांना रंगबंधक किंवा मॉर्डंट म्हणतात. त्यांना रंगकामातले दुय्यम मदतनीस समजणे ही या विषयातली सर्वांत मोठी गफलत आहे. धातूशिवाय मंजिष्ठेचा तो लाल अस्तित्वातच येत नाही.

हे आधुनिक प्रयोगशाळेने परंपरेवर लादलेले स्पष्टीकरण आहे, असे कोणी म्हणू नये. परंपरेला ते पक्के ठाऊक होते. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या छिटांचे तंत्र जेझुइट पाद्री कोर्दू यांनी १७४२ मध्ये एका पत्रात युरोपला कळवले. ते काम सुती कापडावरचे आहे, पण तत्त्व तेच. कारागीर लाल हवा तिथे कलमाने तुरटीचे पाणी रेखाटतो आणि मग सगळे कापड रंगाच्या काढ्यात उकळतो. काढा सगळीकडे लागतो, लाल मात्र तुरटीच्या रेषांवरच उमटून टिकतो. बाकीचा रंग धुऊन आणि उन्हात वाळवून काढून टाकता येतो. युरोपीय व्यापाऱ्यांना ज्या विद्येने थक्क केले, तिचा गाभा हे बंधकाचे ज्ञान होते. रंग देणारी झाडे युरोपातही होती.

रेशमाच्या बाबतीत तर हे ज्ञान आणखी नाजूक होते. सूत हे सेल्युलोज. त्याला तुरटीची ओढ फार थोडी. म्हणून सुताला आधी हिरड्याच्या टॅनिनची पायरी द्यावी लागते. रेशीम प्रथिन असल्यामुळे तुरटी स्वतःहून धरते. सुक्या रेशमाच्या वजनाच्या दहा ते वीस टक्के तुरटी त्याला पुरते. पण पाणी खळखळून उकळले तर चकाकी मरते. म्हणून तुरटीचे पाणी कोमट किंवा थंड ठेवून लडी त्यात रात्रभर बुडवून ठेवणे ही रेशीम रंगवणाऱ्यांची जुनी रीत आहे. रीत वरवर साधी वाटते. तिच्यामागे तापमान, वेळ आणि प्रमाण यांचा काटेकोर हिशेब आहे. त्याला रसायनशास्त्र न म्हणणे हा त्या रंगाऱ्यांचाच अवमान आहे.

यावर पूर्वपक्षाकडून एक आक्षेप येतो: खनिज तुरटी नको असेल तर वनस्पतिजन्य बंधक आहेतच. खरे आहे, आहेत. लोधाची साल भारतीय रंगकामात फार पूर्वीपासून वापरात आहे. आपल्या महाबळेश्वर-माथेरानच्या रानात निळ्या फुलांनी लगडणारी अंजनी आहे. तिच्या कुळातल्या झाडांची पाने दक्षिणेत लाल रंगाच्या कामात घालत असत. पण ही झाडे बंधकाचे काम करतात ती का? कारण ती मातीतले अ‍ॅल्युमिनियम शोषून आपल्या पानांत आणि सालीत साठवतात. धातू तोच, फक्त तो पानातून आला. आक्षेपाने सिद्धांत मोडला नाही, उलट पक्का केला.

दुसरा आक्षेप असा की काही रंगांना बंधक लागतच नाही. कपिला हे त्याचे उत्तम उदाहरण. या झाडाच्या फळांवरची लाल भुकटी मुख्यतः रेशमासाठीच वापरत आणि तिच्यापासून झळझळीत नारिंगी मिळे. पण विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडलच्या वनस्पतींवरील ग्रंथात तिची कृती नोंदवली आहे: चार भाग भुकटी, एक भाग तुरटी, दोन भाग सोड्याचा क्षार, हे सगळे तिळाच्या तेलाच्या थेंबभर ओलीने घोटायचे आणि उकळत्या पाण्यात टाकून त्यात रेशीम फिरवत राहायचे. क्षार नसेल तर ही भुकटी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. नीळही बंधकाशिवाय बसते, पण तिची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. नीळ पाण्यात मुळीच विरघळत नाही. क्षारयुक्त हौदात तिचे क्षपण (रिडक्शन) करावे लागते, तेव्हा ती पिवळट हिरव्या द्रवात उतरते आणि कापड बाहेर काढल्यावर हवा लागून पुन्हा निळी होते. चुना, गूळ आणि टाकळ्याचे बी घालून आंबवलेला हौद हे काम करी. आजच्या पुष्कळ हौदांत तेच काम सोडियम हायड्रोसल्फाइट करते. त्यातही तीव्र क्षारात रेशीम टिकत नाही, म्हणून रेशमाचा हौद सुतापेक्षा सौम्य ठेवावा लागतो. महाराष्ट्रात निळीचे काम करणारे निराळी आणि इतर रंग चढवणारे रंगारी असे वेगळे समाज होते. दोन कामांची प्रक्रियाच इतकी वेगळी असताना ही विभागणी आश्चर्याची नाही.

इथवर आल्यावर पूर्वपक्ष आपली भूमिका बदलतो. तो म्हणतो, रसायनमुक्त म्हणजे घातक रसायनांपासून मुक्त. ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे, पण तिची किंमत त्याला मोजावी लागेल. कसोटी आता ‘घातक आहे की नाही’ ही ठरली. ‘वनस्पतीपासून आहे की नाही’ ही राहिली नाही. आणि ही कसोटी लावली की सीमारेषा वनस्पतिरंगांच्या घरातूनच जाते. तुरटी सौम्य आहे. हिराकस बेताने वापरली तर चालते. पण वनस्पतिरंगांच्या विसाव्या शतकातल्या कित्येक पुस्तकांत पिवळ्या-तपकिरी छटांसाठी पोटॅशियम डायक्रोमेट सर्रास सुचवले जाई, आणि त्यातले षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. बंधक म्हणून वापरले जाणारे मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, पाण्यातल्या जीवांना विषारी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये नीळ थेट कापडावर रेखाटण्यासाठी ती हरताळाने, म्हणजे आर्सेनिकच्या संयुगाने, विरघळवीत. या सर्व प्रकारांत रंग मात्र शंभर टक्के वनस्पतीचाच होता.

दुसरा अवयव टिकाऊपणाचा. तो तपासायला घरातली हळद पुरे. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि कपडा उन्हात टाकला की फिका पडतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. तरी हळदीने रंगवलेले रेशीम टिकेल असे आपण मानतो. पळसाच्या फुलांचा पिवळा, कुसुंब्याचा गुलाबी-लाल आणि पतंगाच्या लाकडाचा तांबडा हे तिन्ही उन्हापुढे दुबळे. बीट, जास्वंद, तांबडी कोबी यांचा रस कापडाला लागतो खरा, पण त्यांना टिकाऊ रंग म्हणणे धाडसाचे आहे. रंग बसावा म्हणून पाण्यात मीठ आणि व्हिनेगर टाकण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. आम्लतेने छटा बदलू शकते, पण मीठ किंवा व्हिनेगर मंजिष्ठेला तुरटीसारखे धरू शकत नाही. त्यांत तो धातूच नाही.

फ्रान्समध्ये लुई चौदाव्याचा मंत्री कोल्बेर याने १६६९ ते १६७१ या काळात रंगकामाचे नियम घालून दिले. त्यात पक्क्या रंगाचे रंगारी आणि कच्च्या रंगाचे रंगारी असे दोन वर्ग केले होते आणि एकाने दुसऱ्याचे काम करायचे नव्हते. पर्किनच्या जन्माला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे अवकाश होता. बाजारात कृत्रिम रंगाचा थेंबही नव्हता, तरी राज्यसत्तेला कच्च्या रंगांपासून ग्राहकाचे रक्षण करावेसे वाटले. १९६६ मध्ये लंडनमध्ये टिम पॅडफील्ड आणि शीला लँडी यांनी नैसर्गिक रंग प्रकाशात कसे टिकतात याची मोजमापे प्रसिद्ध केली. बहुतेक पिवळे रंग कसोटीच्या तळाशी राहिले. मंजिष्ठेच्या कुळातले लाल आणि नीळ त्यांच्या बरेच वर. युरोपातल्या जुन्या भिंतपडद्यांवरची झाडे आज निळी दिसतात ती यामुळेच: हिरव्यातला पिवळा उडाला, नीळ मागे राहिली.

मग आजीच्या ट्रंकेतली पैठणी अजून तशीच कशी? याची उत्तरे दोन. एक म्हणजे ती ट्रंकेत होती. वर्षातून एखाद-दुसऱ्या मंगलकार्यापुरता प्रकाश पाहिलेल्या वस्त्रावरून रंगाचा पक्केपणा ठरत नाही. दुसरे, जे टिकले तेच आपल्याला दिसते. जे विटले, ते फाडून दुसऱ्या कामाला लावले गेले किंवा जरीसाठी जाळले गेले, आणि त्याची साक्ष घ्यायला कोणी उरले नाही. शिवाय काही रंग टिकले पण त्यांनी रेशीम खाल्ले. टॅनिन आणि लोह यांच्या काळ्या रंगाखाली धागा कालांतराने ठिसूळ होतो. संग्रहालयांतल्या जुन्या वस्त्रांत काळ्या रेषांच्या जागी नुसत्या भेगा उरलेल्या दिसतात.

दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. पर्किनने आपल्या जांभळ्याने रंगवलेल्या रेशमाचा नमुना स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पुलर या रंगकाम व्यावसायिकांकडे पाठवला होता. रेशमाने तो रंग सहज धरला, सुतासाठी मात्र टॅनिनची सोय शोधावी लागली. त्या पहिल्या पिढीचे अनेक कृत्रिम रंग उन्हात लवकर विटत, आणि भारतीय कारागिरी त्यांनी बिघडवली ही त्या काळच्या जाणकारांची तक्रार रास्त होती. पण १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी अलिझारीन प्रयोगशाळेत बनवले. युरोपीय मंजिष्ठेच्या मुळातले तेच द्रव्य, तोच रेणू. तुरटीशी त्याचा बंध तसाच, टिकाऊपणाही तसाच. उगमावरून रंगाचे गुण ठरतात असे मानणाऱ्याने या एका रेणूचे काय करायचे ते सांगावे. फरक उरतो तो एवढाच की मुळातून एक द्रव्य न येता चार-पाच येतात आणि त्यांच्या मिश्रणाने छटेला भरदारपणा येतो. तो गुण खरा आहे, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

तिसरा अवयव निरुपद्रवीपणाचा. कृत्रिम रंगांचे अपराध झाकण्याचे कारण नाही. काही अ‍ॅझो रंगांतून कर्करोगकारक अमाइन सुटतात म्हणून जर्मनीने आणि पाठोपाठ भारतानेही १९९० च्या दशकात त्यांच्यावर बंदी घातली. तिरुपूरच्या रंगकाम उद्योगांनी नोय्यल नदीची जी अवस्था केली, तिच्यामुळे जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला ते कारखाने बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. पण यावरून वनस्पतिरंग आपोआप निर्दोष ठरत नाहीत. भारताच्या इतिहासात ज्या रंगाने सर्वांत जास्त अश्रू पाहिले तो नीळ हा वनस्पतिरंग होता. १८५९ मध्ये बंगालच्या रयतेने निळीची लागवड करायला नकार देऊन उठाव केला. चंपारणात तीनकठिया पद्धतीने विसातले तीन कठ्ठे निळीखाली ठेवण्याची सक्ती होती. १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले ते त्यासाठी. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली, तेव्हा सुमारे सात हजार चौरस किलोमीटर जमीन, मुख्यतः भारतातली, निळीखाली होती. ती जमीन अन्नाला परत मिळाली, त्यात ती कृत्रिम नीळ बनवणाऱ्या जर्मन कारखान्याचा वाटा होता. ही गोष्ट आपल्या स्वदेशी मनाला रुचत नाही, पण ती खरी आहे.

प्रमाणाचा विचार केला तर हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. शंभर किलो कापडाला कृत्रिम रंग एक ते चार किलो पुरतो. मंजिष्ठेचे मूळ मात्र कापडाच्या वजनाच्या निम्मे ते बरोबरीने लागते. जगात आज वर्षाला दहा कोटी टनांहून अधिक धागा बनतो. तो सगळा वनस्पतींनी रंगवायचा म्हटले, तर निम्म्या हिशेबानेही पाच कोटी टन वाळलेली मुळे, साली आणि पाने दरवर्षी हवीत. शिवाय डिंक काढणे, बंधक देणे, रंगवणे आणि धुणे या प्रत्येक पायरीला वेगळे पाणी आणि वेगळे सरपण. ‘सगळे जग पुन्हा वनस्पतिरंगांकडे’ ही घोषणा अमलात आली, तर तिचे पहिले बळी रानेच असतील.

औषधीपणाचा चौथा अवयव फार वेळ घेणार नाही. हळदीने किंवा कडुनिंबाने रंगवलेले वस्त्र अंगावर घातले की त्यांचे गुण त्वचेतून शरीरात जातात, असा दावा केला जातो. इथे उभयतःपाश आहे. रंग पक्का असेल तर रेणू धाग्याला घट्ट बांधलेला आहे. तो त्वचेत जाणार कसा? आणि तो धागा सोडून त्वचेत जात असेल, तर रंग कच्चा आहे. मग टिकाऊपणाचा दावा सोडा. दोन्ही गुण एकाच साडीच्या चिठ्ठीवर छापता येत नाहीत.

एवढे खंडन केल्यावर मंडनाची जबाबदारी माझ्यावर येते. माझा सिद्धांत असा: वनस्पतिरंगांची योग्य जागा सगळे कापड नसून विशेषतः रेशीम आहे, आणि त्याची कारणे रेशमाच्या स्वभावात आहेत. पहिले कारण, प्रथिनाचा हा धागा तुरटी आणि रंग दोन्ही सहज धरतो. टॅनिनच्या जादा पायऱ्या वाचतात. दुसरे कारण प्रमाणाचे. भारतात २०१९-२० मध्ये सुमारे ३६ हजार टन कच्चे रेशीम तयार झाले. ते सगळे जरी वनस्पतींनी रंगवले, तरी निम्म्या वजनाच्या हिशेबाने अठरा हजार टनांच्या आत रंगसामग्री पुरेल. आपण वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास हळद पिकवतो. त्यापुढे हा आकडा किरकोळ आहे. तिसरे, रेशमी वस्त्र रोज धुतले जात नाही आणि उन्हात वाळवले जात नाही, त्यामुळे मध्यम पक्केपणाचा रंगही त्याला शोभतो. चौथे, रंगाऱ्याच्या कुशल मजुरीची किंमत पेलण्याची ताकद रेशमाच्या भावात आहे, दोनशे रुपयांच्या सदऱ्यात नाही. आणि पाचवे कारण मघाशी मागे ठेवलेले: मुळातल्या अनेक द्रव्यांच्या मिश्रणाने येणारी भरदार छटा तुतीच्या रेशमाच्या चकाकीवर जशी खुलते, तशी सुतावर खुलत नाही. भंडाऱ्याच्या आंधळगाव-मोहाडीकडच्या टसरचा मूळचाच सोनेरी तपकिरी रंग धरून त्यावर लोहाच्या, डाळिंबसालीच्या छटा चढवणे हे तर आपल्या विदर्भाच्या आवाक्यातले काम आहे. टसर रंग धरायला हट्टी, म्हणून त्यासाठी अभ्यासही हवा.

पण हे मंडन सशर्त आहे. क्रोम आणि कथिलाचे क्षार वर्ज्य हवेत. तुरटीचे पाणी एकदा वापरून ओतून न देता त्यात भर घालून पुन्हा वापरले पाहिजे. हिराकस अल्प हवी. पिवळा देताना हळदीपेक्षा अधिक टिकणारी सामग्री निवडली पाहिजे आणि प्रत्येक छटेची प्रकाशकसोटी घेतली पाहिजे. निळ्या लोकरीच्या पट्ट्यांशी तुलना करण्याची एक ते आठ पायऱ्यांची ती कसोटी कापड उद्योगाला परिचित आहे. विक्रेत्याने साडीच्या चिठ्ठीवर ‘नैसर्गिक’ एवढेच लिहिणे पुरेसे मानू नये. वनस्पती कोणती, बंधक कोणता आणि प्रकाशात कोणत्या पायरीपर्यंत टिकतो, या तीन गोष्टी त्यावर असाव्यात. ज्याला पहिली माहीत आहे आणि दुसरी नाही, त्याने रंगकाम दुसऱ्याकडून करून घेतले आहे किंवा लपवले आहे. ग्राहकाने ही तीन उत्तरे मागायला सुरुवात केली, तर खऱ्या रंगाऱ्याचे काही नुकसान होणार नाही. त्याच्याकडे ती तयारच असतात.